निळ्या रंगाची बाई आणि तिचं घर

‘तुमचं गाव कोणतं हो?’

एस.टी.त शेजारी बसलेली बाई सहज विचारते आणि आपण क्षणभर घुटमळतो. कोणतं सांगायचं? जन्मलो, वाढलो ते, की लग्न होऊन आलो ते? माहेरचं सांगावं तर तिथं आता आपलं म्हणून एक ट्रंकसुद्धा उरलेली नसते. सासरचं सांगावं तर मनाला कुठेतरी चुकल्यासारखं होतं. मग आपण दोन्ही सांगून मोकळ्या होतो, ‘तशी मी वाईची, पण आता वीस वर्षं बार्शीला असते.’

मैत्रिणींनो, हाच प्रश्न नुसत्या गावाचा न राहता धर्माचा, देशाचा आणि कातडीच्या रंगाचाही झाला, तर? आणि तो प्रवासापुरता नव्हे, तर जन्मभर, जाईल तिथे विचारला गेला, तर? एका बाईने या प्रश्नाला वैतागून गप्प बसण्याऐवजी रंगाची पेटी उघडली. तिने काढलेल्या चित्रमालिकेचे नावच मुळी ‘घराचा शोध’ अशा अर्थाचे आहे. या चित्रकर्तीचे नाव सिओना बेंजामिन. आज त्यांचे नाव अमेरिकेत आदराने घेतले जाते. पण त्यांच्या चित्रांची मुळे आहेत आपल्या मुंबईत आणि अलिबागकडच्या कोकणात. म्हणून तर त्यांची ओळख करून घ्यायची!

मुंबईची मुलगी

सिओना यांचा जन्म १९६० सालचा, मुंबईचा. घर बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी लोकांचे. आजूबाजूला हिंदू आणि मुसलमान शेजार. शिक्षण ख्रिस्ती आणि पारशी शाळांतून. आता बघा, एका लहान मुलीच्या दिवसात किती देव येऊन जात असतील! शाळेत मेरीमातेची तसबीर, रस्त्यात देवळाची घंटा, कानावर अजान आणि घरी शुक्रवारची सांज झाली की शब्बाथचा दिवा. यहुदी लोकांचा विसाव्याचा दिवस शनिवार. पण तो लागतो शुक्रवारच्या सूर्यास्तापासून. तेव्हा घरातल्या बाईने दिवा लावायचा असतो.

लहानपणच्या प्रार्थनामंदिराच्या ज्या आठवणी त्या सांगतात, त्याही अशाच डोळ्यांत भरणाऱ्या आहेत. तेलाचे दिवे, मखमलीत आणि चांदीत मढवलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषितासाठी मुद्दाम रिकामी ठेवलेली खुर्ची. न आलेल्या पाहुण्यासाठी कायमची मांडून ठेवलेली जागा! घर म्हणजे काय, या प्रश्नाचे बीज कदाचित त्या खुर्चीतच रुजले असेल.

पुढे मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिक्षण झाले आणि १९८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तिथे चित्रकलेची आणि नंतर नाटकाच्या नेपथ्याचीही पदवी घेतली. एव्हाना नात्यागोत्यातली बरीचशी माणसे इस्रायलला आणि अमेरिकेला पांगली होती. आईवडील मात्र इथेच राहिले. म्हणजे माहेर होते, पण माहेरी भेटायला येणारी मावशी, आत्या, चुलतबहिणी दुसऱ्याच कुठल्या देशात. हे दुःख कुठल्याही बाईला वेगळे समजावून सांगायला नको.

अमेरिकेत नवेच कोडे उभे राहिले. तिथल्या यहुदी लोकांचे पूर्वज बहुतेक युरोपातले, रंगाने गोरे. त्यांच्यात ही सावळी, भारतीय बाई ‘मी यहुदी’ म्हणते म्हटल्यावर लोक चक्रावायचे. भारतीय आणि यहुदी? हे कसं शक्य आहे? आणि भारतीय माणसांतही ‘म्हणजे नेमकं कोण?’ हे सांगताना पुरेवाट.

तेलाचा घाणा आणि शनिवारची सुट्टी

नेमकं कोण, ते आपण तरी नीट समजून घेऊ.

बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. कोकणातल्या गावागावांत ते पसरले. गावावरून आडनावे पडली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर, दिव्याचे दिवेकर. धंदा तेल गाळण्याचा. सगळे तेली सोमवारी घाणा बंद ठेवत, हे मात्र शनिवारी. म्हणून गावाने नावच ठेवले ‘शनवार तेली’. त्यांच्याजवळ ग्रंथ उरला नव्हता. उरली होती एक लहानशी प्रार्थना, मुलाची सुंता, शनिवारचा विसावा आणि खाण्यापिण्याचे नियम.

हे खाण्यापिण्याचे नियम कोणाच्या हाती असतात? आपल्याच! या समाजात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. दाविद राहाबी नावाचा एक विद्वान यहुदी कोकणात आला. हे लोक खरेच आपले का, हे त्याला पारखायचे होते. त्याने पुरुषांना शास्त्र विचारले नाही. बायकांपुढे मासळीची पाटी ठेवली आणि म्हणाला, रांधा. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी तेवढी निवडून घेतली, बाकीची बाजूला सारली. हे आम्ही खात नाही, म्हणाल्या. यहुदी धर्माचा नियम नेमका तोच आहे. त्याची खात्री पटली! ही घडलेली गोष्ट असो की सांगोवांगीची, तिचा मथितार्थ मोठा आहे. ग्रंथ हरवला, भाषा गेली, पण चुलीपाशी ओळख शाबूत राहिली.

सणांची नावे तर ऐकाच. नव्या वर्षाचा तो ‘नव्याचा सण’. आपल्या होळीच्या सुमारास येणारा पुरीम, तो ‘होळीचा सण’. जेरुसलेमचे मंदिर पडले त्या दुःखाचा उपास, त्याला म्हणायचे ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या वेळी वालाचे बिरडे करायचे. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून स्वयंपाकात नारळाचे दूध. नवस फेडायला किंवा शुभकार्यात मलिदा. तो म्हणजे भिजवलेले गोड पोहे, त्यात ओले खोबरे आणि सुका मेवा, भोवती फळे मांडायची आणि एलियाहू हन्नाबीचे नाव घ्यायचे. नवरीला मेंदी आणि हिरवा चुडा. यातले परके काय आहे, सांगा पाहू!

मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत आणि मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. पुण्यात १८७४ साली वल्हांडण सणाची पोथी छापली गेली, हिब्रू आणि मराठीत. तिच्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका बिनखमिराची रोटी करीत आहेत. सिओनांच्या जन्माआधी शहाऐंशी वर्षे, यहुदी चित्रात मराठी बाई अशी येऊन बसली होती.

ती निळी का?

आता चित्रांकडे वळू.

सिओनांची चित्रे बहुधा कागदावर, लहान आकाराची. रंग वापरतात ते गुआश, म्हणजे मुलांच्या पोस्टर कलरच्या जातीचे, दाट जलरंग. त्यावर सोन्याचा वर्ख. मुघल दरबारातल्या लघुचित्रांसारखे बारीक काम, कडेला नक्षी. पण जवळ जाऊन पाहिले तर त्यात हिंदी सिनेमाची पोस्टरे सापडतात, ‘अमर चित्र कथा’ सापडते, जुन्या ख्रिस्ती आणि यहुदी पोथ्यांची सजावट सापडते आणि अमेरिकन कॉमिकचे ठिपकेसुद्धा. एखाद्या आजीने सगळ्यांच्या जुन्या साड्यांची गोधडी शिवावी, तसे हे काम. तुकडा न्‌ तुकडा ओळखू येतो, पण पांघरूण एकच होते.

आणि या चित्रांची नायिका निळी असते. डोक्यापासून पायापर्यंत निळी.

आपल्या मनात आधी येतो कृष्ण. ते बरोबरच आहे. कृष्णाची, कालीची चित्रे पाहत वाढलेल्या मुलीला निळे अंग परके नव्हते. पण त्या आणखीही सांगतात. लोक जेव्हा दुसऱ्याला एका खणात कोंबू पाहतात, ही अमक्या जातीची, तमक्या रंगाची अशी चिठ्ठी चिकटवतात, तेव्हा आपली कातडी निळी पडल्यासारखी त्यांना वाटते. शिवाय निळा रंग आकाशाचा आणि समुद्राचा. तो कुठल्या एका देशाचा नाही, सगळीकडचा आहे. गोरी नाही, काळी नाही, सावळी नाही, निळी. आता चिकटवा कोणती चिठ्ठी चिकटवायची ती!

मला आणखी एक धागा दिसतो. यहुदी पुरुष प्रार्थनेला जी शाल घेतात, तिच्या कोपऱ्याच्या गोंड्यात एक निळा दोरा असावा, अशी त्यांच्या धर्मग्रंथाची आज्ञा आहे. एकच दोरा, पण त्याने आठवण राहावी. सिओनांनी तो दोरा बाईच्या सबंध अंगावर पसरवला आहे.

एका चित्राचे नाव आहे ‘तिक्कुन हा-ओलाम’. हिब्रूत याचा अर्थ जगाची डागडुजी. भंगलेले जग थोडे थोडे सांधत राहणे हे माणसाचे कर्तव्य, अशी ती कल्पना. सिओनांनी काय काढले आहे? अनेक हातांची निळी बाई. देवीसारखी म्हणाल तर देवी; पण तिचे दोन्ही बाजूंना वर गेलेले हात म्हणजे यहुद्यांची सात फाट्यांची समई, मेनोरा. सकाळी सातला डबा, दूध, शाळेची वेणी आणि सासूबाईंचे औषध एकाच वेळी सांभाळणाऱ्या बाईला या चित्राचा अर्थ लावून द्यायला कुणी टीकाकार नको.

दोन सवतींची मिठी

सिओना आपल्या एका मालिकेला ‘फेरेश्ते’ म्हणतात, म्हणजे देवदूत. त्यात बायबलातल्या आणि यहुदी कथांतल्या स्त्रिया येतात.

लिलिथची दंतकथा अशी. ती आदामाची पहिली बायको. त्याच मातीतून घडलेली, म्हणून ‘मी तुझ्या बरोबरीची’ म्हणाली. पटले नाही, तेव्हा नंदनवन सोडून निघून गेली. पुढे तिला नाव पडले हडळीचे. बाळंतिणीच्या आणि तान्ह्या मुलांच्या जिवावर उठणारी. घर सोडून गेलेल्या बाईच्या वाट्याला कोणती नावे येतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. सिओनांची लिलिथ पुरुषांची ती प्रार्थनेची शाल पांघरून उभी आहे, मागे ज्वाळा आणि चेहऱ्यावर हजारो वर्षे साठवलेला राग. चित्र कॉमिकच्या धाटणीचे; हसू येते आणि मग येता येता थांबते.

पण मला अधिक मोलाचे वाटते ते सारा आणि हागारचे चित्र. अब्राहामाची बायको सारा. तिला मूल होईना, म्हणून तिने आपली दासी हागार त्याला दिली. हागारला इश्माएल झाला. पुढे म्हातारपणी साराला इसहाक झाला आणि मग एका घरात दोन आया सुखाने नांदेनात. हागारला मुलासकट वाळवंटात हाकलून दिले गेले. यहुदी लोक स्वतःला इसहाकाचे वंशज मानतात, तर अरब लोक इश्माएलाचे. म्हणजे आज ज्या दोन समाजांतले रक्तपात आपण बातम्यांत पाहतो, त्यांची कथा एका घरातल्या सवतीमत्सरापासून सुरू होते.

सिओनांनी काय केले? या दोघींना एकमेकींच्या मिठीत दाखवले. दोघीही निळ्या. ‘प्रिया’ अशा अर्थाचे नाव त्या चित्राला दिले. कोण चुकली, कोणाचा हक्क मोठा, याचा निवाडा त्या करीत नाहीत. मुलांच्या भांडणात दोन्हीकडच्या आया पोळतात, एवढेच दाखवतात. हे चित्र पाहून लढाया थांबत नाहीत, कबूल. पण ‘आपली’ आणि ‘त्यांची’ असे म्हणायच्या आधी जीभ अडखळते, हे काही थोडे नाही.

मातृभूमी आणि पितृभूमी

२०१०-११ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन सिओना भारतात आल्या. बेने इस्राएल माणसांना त्या भेटल्या, त्यांच्या गोष्टी ऐकल्या, छायाचित्रे घेतली आणि त्या छायाचित्रांभोवती, त्यांच्यावर रंगकाम करून चेहऱ्यांची एक मालिका तयार केली. २०१३ मध्ये ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडली गेली. जिथे राजेमहाराजांच्या तसबिरी पाहायच्या, तिथे साधी बिऱ्हाडातली माणसे सोन्याचा वर्ख लेवून बसली!

याची गरज का होती, ते आकड्यांवरून कळेल. १९५० च्या सुमारास भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि हळूहळू कुटुंबेच्या कुटुंबे तिकडे गेली. आज सबंध भारतातले सगळे यहुदी मिळून पाच हजारही भरत नाहीत. त्यांना कुणी हाकलले नाही, हे आपल्या देशाचे भूषण. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये या समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जाही दिला. पण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते जमेनात, तर दिवा कोणी लावायचा?

आणि तिकडे गेलेल्यांचे? सासरी सगळे आलबेल नव्हते. १९६० नंतरच्या वर्षांत तिथल्या धर्मगुरूंनी, हे भारतातून आलेले लोक अस्सल यहुदी का, इतरांनी त्यांच्याशी लग्नसंबंध करावेत का, अशी शंका काढली. दोन हजार वर्षे शनिवार पाळला आणि आपल्याच घरी पोचल्यावर दारात चौकशी! लोकांनी धरणे धरले, लढा दिला. शेवटी १९६४ मध्ये इस्रायलच्या सरकारने, ते सर्वार्थाने यहुदीच आहेत, असे जाहीर केले. आज दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत हा समाज राहतो. जुन्या पिढीच्या तोंडी तिथेही मराठी असते आणि तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघत आले.

२०१६-१७ मध्ये सिओना या माणसांकडे गेल्या. त्या कामाला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ आहे ‘मातृभूमीकडून पितृभूमीकडे’. किती नेमके नाव! आईच्या घरातून वडिलांच्या घरात. दोन्ही आपली, पण एकीकडे असताना दुसरीची आठवण सुटत नाही.

आपल्याला काय त्याचं?

असे कुणी म्हणेल. आपल्या संसाराच्या रामरगाड्यात ही यहुदी बाई कुठे बसवायची?

पहिले म्हणजे ही माणसे आपल्याला परकी नाहीत. १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस, असंख्य बायकांची बाळंतपणे सुखरूप करणाऱ्या, कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड, ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, इंग्रजीत लिहिणारे कवी निस्सीम इझिकेल, ही सगळी याच समाजातली. आपली मुले त्यांची नावे घेतात, पण ती कोण हे त्यांना ठाऊक नसते. अलिबागला सहलीला गेलात, तर किनारा आणि किल्ला पाहून परत फिरू नका. गावात इस्राएल आळी आहे, तिथे मागेन आबोथ हे प्रार्थनामंदिर आहे. मूळचे १८४८ चे, आताची इमारत १९१० ची. जवळच्या सागाव-खंडाळ्याकडे एक खडक आहे. एलियाहू हन्नाबीचा रथ तिथे उतरला, त्याच्या खुणा म्हणून तो दाखवतात. मुलांना ही गोष्ट सांगा. त्यांना भूगोलापेक्षा ती जास्त दिवस आठवेल.

दुसरे, सिओनांनी चित्रांत जे घातले ते काही राजवाड्यातून आणले नाही. दिवा, शाल, मखमल, रिकामी खुर्ची. म्हणजे आपण रोज पुसतो, घडी घालतो, लावतो, तसल्याच वस्तू. इतिहास आपल्या हातून असा रोज जात असतो आणि आपण त्याला घरकाम म्हणतो. आपल्या आजीची बिरड्याची पद्धत, तिची ओवी, तिच्या गावाचे देवदैवत कुठे लिहून ठेवले आहे का? हिशेबाच्या वहीची मागची चार पाने त्यासाठी राखलीत, तरी पुष्कळ झाले.

आणि तिसरे, मला वाटते, सर्वांत महत्त्वाचे. आपल्याला लहानपणापासून शिकवतात, की उंबरठा ओलांडला म्हणजे मागचे विसरायचे; तरच ती सून चांगली. नाव बदलायचे, कुळाचार बदलायचा, आमटीची चवसुद्धा बदलायची! सिओनांनी काहीच विसरायचे नाही, असे ठरवले. मुंबई नाकारली नाही, अमेरिका नाकारली नाही, यहुदी धर्म नाकारला नाही आणि कृष्णाचा निळा रंगही सोडला नाही. घराचा शोध त्यांनी वर्षानुवर्षे चालवला. पण चित्र पाहणाराला कळते, की घर तर त्या बाईच्या अंगावरच आहे. ती जिथे उभी राहील, तिथे ते.

दारात नवी सून येईल, तेव्हा तिच्या माहेरची एखादी रीत, एखादा पदार्थ घरात मुद्दाम ठेवून घ्या. पहिल्याच सणाला तिला विचारा, ‘तुमच्याकडे आज काय करतात गं?’ आणि ती सांगेल ते तिच्याबरोबर करा.